गोव्यात घरी रीफ टँक लावताय? आधी प्राणी ठरवा, मग लाइट घ्या

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावायचं डोक्यात आलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो लाइटचा. किती वॅटची घेऊ, चायनाची चालेल का, सेकंडहँड मिळतेय घेऊन टाकू का. आणि आत काय ठेवणार विचारलं तर "ते बघू नंतर". हे उलटं झालं. लाइट किती हवी ते कोरलवर अवलंबून, आणि कोणतं कोरल ठेवायचं ते कायदा आणि आपल्या घरातली गरमी यांच्यावर. म्हणून आधी आत राहणार कोण ते कागदावर लिहा, मग त्यांना लागेल तेवढीच लाइट घ्या. खिशाला कात्री कमी लागते, करंटचं बिल आटोक्यात राहतं, आणि मे महिन्यात टँकचं सूप होत नाही.

खालचं सगळं मी ९० x ४५ x ४५ सेंटीमीटरचा टँक धरून लिहितोय. हिशोबाने १८२ लिटर, पण दगड-वाळू टाकल्यावर प्रत्यक्ष पाणी दीडशेच्या आसपास. पहिल्या टँकला हा साइज बरा. अगदी छोटा घेतला तर गोव्याच्या उन्हात दुपारभरात दोन-तीन डिग्री वर जातो.

कायद्याचं आधी उरकून घेऊ

यूट्यूबवर जे रंगीबेरंगी टँक बघून आपण वेडे होतो त्यातलं निम्मं आपल्याकडे ठेवता येत नाही, हे सुरुवातीलाच पचवून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळे दगडी कोरल आहेत, म्हणजे ॲक्रोपोरा, मॉन्टीपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन, सगळे. शिवाय ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन. समुद्री घोडे, पाइपफिश, सी कुकुंबर आणि जायंट क्लॅमचे प्रकारही कायद्याच्या संरक्षित याद्यांत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीत याद्या नव्याने मांडल्या गेल्या, पण दगडी कोरलला सूट मिळालेली नाही. दुकानदार "काही होत नाही हो" म्हणतो, पण अनुसूची १ च्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे आणि ती भोगायला तो येणार नाही.

आणि हो, ग्रँड आयलंडला डायव्हिंगला जाऊन एखादा सुंदर दगड पिशवीत घालून आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो तिथेच सोडा. त्या दगडात कोरलचा सांगाडा असू शकतो, मेलेला का असेना. टँकसाठी सिरॅमिकचे किंवा कारखान्यात बनवलेले कोरडे दगड घ्या, १५ किलोच्या आसपास पुरतात. सहा महिन्यांत त्यावर इतकं काही उगवतं की खरा-खोटा ओळखू येत नाही.

मग उरतं काय? मश्रूम, झोआ, लेदर, केनिया ट्री, ग्रीन स्टार पॉलिप असे मऊ प्रकार, आणि थोडे छोटे मासे. या लेखात मी एवढंच धरलंय. तेही बिल देणाऱ्या आणि माल कुठून आला ते सरळ सांगणाऱ्या माणसाकडूनच घ्या. शंका आली तर वन खात्यात विचारायची लाज नको. गोव्यासाठी हे प्रकार तसेही सोयीचे, कारण यांना लाइट कमी लागते, गरमी थोडी जास्त चालते आणि कॅल्शियम वगैरेचं रोजचं डोसिंग करत बसावं लागत नाही.

गरमी आणि दमट हवा

टँकचं पाणी २५ ते २७ डिग्रीत ठेवायचंय. समुद्रातसुद्धा नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानावर एखादा अंश आठवडेच्या आठवडे राहिला तर कोरल पांढरं पडतं, आपल्या खोलीत तर मे महिन्यात दुपारी ३३ डिग्री सहज असतात. इंटरनेटवर सगळे सांगतात की पाण्यावर छोटा फॅन मारा, दोन-तीन डिग्री उतरतात. कोरड्या हवेच्या गावाला उतरतात. फॅन थंड करतो तो पाण्याची वाफ करून, आणि पणजी-मडगावच्या हवेत आधीच इतका दमटपणा की वाफ व्हायला जागाच नाही. डिसेंबर-जानेवारीत फॅन झकास चालतो, एप्रिल ते सप्टेंबर मात्र त्याच्या भरवशावर बसू नका.

म्हणजे एकतर टँक एसीच्या खोलीत, नाहीतर चिलर (पाणी थंड करायचं मशीन). दीडशे लिटरला १/१० एचपीचा चिलर कागदावर पुरतो, पण शक्य असेल तर एक साइज मोठा घ्या, तो कमी वेळ चालतो. चिलर कपाटात कोंबायचा नाही! तो पाण्यातली गरमी काढून हवेत फेकतो, कपाटात ठेवला की तीच गरम हवा परत ओढतो आणि दिवसभर धापा टाकत चालतो. बाहेर, मोकळ्या भिंतीशी ठेवा. टँक पश्चिमेच्या खिडकीसमोर नको आणि चिऱ्याच्या ओल्या भिंतीला चिकटून पण नको. स्टँड एमडीएफचा घेतलात तर पहिल्याच पावसाळ्यात फुगणार. मरीन प्लाय किंवा ॲल्युमिनियम सेक्शन. साधं लोखंड खाऱ्या पाण्याखाली फार टिकत नाही, पावडर कोटिंग असलं तरी वेल्डिंगच्या जोडांपासून गंज सुरू होतो.

इलेक्ट्रिकचं काम चांगल्या माणसाकडून: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन पाडणारा स्विच), नीट अर्थिंग, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबकळून मग वर चढलेली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. पावसाळ्यात लाइन जाते येते हे धरूनच चालायचं. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) आणि एअर पंप टाका. लाइट एक दिवस नसली तर काहीही बिघडत नाही, पाणी हललं नाही तर मात्र काही तासांत मासे वर येऊन धापा टाकायला लागतात, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो.

पाणी

समुद्र उशाला आहे म्हणून कॅन घेऊन मिरामारला जायचं नाही. मांडवी आणि झुआरीच्या मुखाशी पावसाळ्यात इतकं गोडं पाणी येतं की खारटपणा पार कोसळतो, गाळ येतो, बोटींचं तेल येतं, आणि परजीवी फुकटात येतात ते वेगळेच. आरओ-डीआय फिल्टरमधून गाळलेलं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, त्यात रीफ सॉल्ट, म्हणजे टँकसाठीचं तयार समुद्री मीठ. किचनमधला आरओ चालत नाही, बऱ्याच मशिनांत चवीसाठी टीडीएस मुद्दाम वाढवलेला असतो. पहिल्या भरणीला साडेपाच-सहा किलो मीठ जाईल. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे ग्रॅव्हिटी १.०२५ ते १.०२६, आणि मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तरंगता काटा नको. पाणी उडून जातं तेव्हा मीठ आतच राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. त्यासाठी ऑटो टॉप-अप बसवाच, चिलर-एसी असला तरी रोज लिटर-दोन लिटर उडतं.

आता लाइट

कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. म्हणजे आपण लाइट लावतो ती खरं तर त्या शैवालासाठी. ते वापरतं तो प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, आणि तो किती पोचतोय ते मोजायचं माप म्हणजे पार. वॅट विसरा. वॅट म्हणजे लाइट किती करंट खाते एवढंच. मश्रूमला ५० पार म्हणजे चंगळ, झोआ आणि लेदर ८० ते १२० मध्ये खूश. ज्या २५०-३०० पारवाल्या महागड्या लाइटी लोक घेतात त्या दगडी कोरलसाठी, आणि ते तर आपण ठेवतच नाही. मग एवढी लाइट घेऊन शेवटी २० टक्क्यांवर चालवायची, नाहीतर शेवाळ पोसायचं.

मेटल हॅलाइड गोव्यात विचारूच नका, लाइट कमी आणि शेगडी जास्त. टी-५ ट्यूबांचा प्रकाश छान एकसारखा पसरतो पण ट्यूबा वर्षभरात बदलाव्या लागतात आणि सुटे पार्ट मागवत बसावं लागतं. त्यामुळे एलईडी. ९० सेंटीमीटरला एक मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या. एका लाइटीचा चांगला उजेड साधारण ६० x ६० सेंटीमीटरपर्यंत, त्यापलीकडे कोपरे अंधारे राहतात आणि दगडामागे एका बाजूला कडक सावली पडते. दोन असल्या की सावल्या पुसल्या जातात, आणि एक बिघडली तर रिपेअर होऊन येईपर्यंत दुसरीवर भागतं. घेताना तीन गोष्टी बघा: निळा आणि पांढरा चॅनल वेगळा कमी-जास्त होतो का, टायमर आतच आहे का, आणि फॅनच्या जाळीतून आतली सर्किट किती उघडी दिसतेय. तिसरी गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. पाण्याचे बुडबुडे फुटतात त्याचे बारीक थेंब उडतात, सुकतात, आणि लाइटीच्या खालच्या बाजूला पांढरी खरखरीत खपली धरते. दमट हवेत ती खपली परत पाणी ओढून ओली होते आणि स्क्रूच्या डोक्यांपासून हिरवट गंज सुरू होतो. दर आठवड्याला स्विच बंद करून आरओ पाण्यात पिळलेल्या फडक्याने काच पुसा. नुसत्या खपलीनेसुद्धा प्रकाश चांगलाच घटतो.

पाण्यापासून उंची २० ते २५ सेंटीमीटर. सीलिंगला हुक मारून टांगलेली सगळ्यात बरी, टँकवर हात घालायला जागा राहते.

वेळ मी दुपारी दोन ते रात्री अकरा ठेवायला सांगीन. दोन ते चार हळूहळू चढ, चार ते नऊ पूर्ण, नऊ ते अकरा उतरती. एकतर घरातली माणसं कामावरून येतात तेव्हा टँक रंगात असतो, आणि दुसरं म्हणजे खोली सगळ्यात जास्त तापलेली असते तेव्हा लाइटीची पूर्ण गरमी वरून पडत नाही. पूर्ण ताकद पाच तास पुष्कळ झाली. बारा-चौदा तास चालू ठेवून कोरल जास्त वाढत नाही, शेवाळ वाढतं.

रंगाचं म्हणाल तर निळा जास्त, पांढरा कमी. पाण्यात लाल रंग पहिल्यांदा गळतो आणि खोलवर निळाच पोचतो, त्यामुळे कोरलला निळ्याचीच सवय. सुरुवात निळा ४० टक्के, पांढरा १० टक्के. मग दर आठवड्याला पाच टक्क्यांनी वर, निळा साठ-सत्तरला पोचला की थांबा. हे आकडे लाइटीप्रमाणे बदलतील, म्हणून कुणाकडून पार मीटर एका दिवसासाठी मिळाला तर सोन्याहून पिवळं. मोबाइलची ॲप्स निळ्या प्रकाशात भलतेच आकडे दाखवतात. मीटर नसेल तर कोरल स्वतः सांगतं. झोआचे देठ लांबट होऊन माना वर काढल्यासारखे दिसले, मश्रूम ताटासारखा पसरला, तर लाइट कमी पडतेय. मश्रूम आखडून सुरकुतला, झोआ दुपारी मिटलेले आणि रात्री उतरत्या लाइटीत उघडतात, रंग फिका पडतोय, तर जास्त होतेय. जास्त झालेली जास्त घातक. कमी लाइटीत कोरल महिनोन् महिने तग धरतं, जास्त लाइटीत आठवड्यात पांढरं.

सायकल

सायकल म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वसवणं. दगड, वाळू, खारं पाणी, वेव्हमेकर चालू, लाइट पूर्ण बंद. बाटलीतले बॅक्टेरिया टाका आणि अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या. चार ते सहा आठवडे लागतात. २ पीपीएम अमोनिया टाकून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की झालं. पाणी काचेसारखं दिसतंय म्हणून मासा टाकायचा नाही. लाइट लावल्यावर आधी तपकिरी थर येईल, मग हिरवे केस. येऊ द्या, तो पोरवयाचा टँक आहे, आपोआप सरतं. तेव्हा सेरिथ आणि नसारियस गोगलगायी टाका, आठ-दहा पुरे. मोठा ट्रोकस आणि टर्बो मार्मोरॅटस या शंखांचीही नावं संरक्षित यादीत आलेली आहेत, ते नकोत.

मासे

या टँकला पाच छोटे मासे, सहावा नाही. क्लाउनची जोडी, एक फायरफिश, एक वॉचमन गोबी, एक लॉनमोअर ब्लेनी, आणि सोबत क्लीनर श्रिंप. टँग कितीही गोंडस दिसला तरी त्याला चार फूट आणि वर लांबी लागते. डॅमसेल स्वस्त मिळतो आणि बाकीच्यांचं जगणं हराम करतो. मँडरिन माशाला दिवसभर जिवंत कोपेपॉड (पाण्यातले बारीक किडे) लागतात, नव्या टँकमध्ये तो हळूहळू उपाशी मरतो.

क्लाउन घ्या तो ब्रीड केलेलाच. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घ्यायचं काही कारण नाही. जोडी करायला एक मोठा आणि एक छोटा घ्यायचा. सगळे जन्माला नर म्हणूनच येतात आणि जोडीतला दांडगा मादी होतो. सारख्या साइजचे घेतलेत तर ते ठरेपर्यंत मारामाऱ्या. ॲनिमोनी (समुद्रफूल) लागत नाही. लेदर मोठं झालं की त्याच्यातच लोळतात, अंगाने घासून घासून त्याचे पॉलिप (फुलासारखी छोटी तोंडं) मिटवून टाकतात आणि ते बिचारं सहन करतं. ॲनिमोनी वर्षभर तरी नको, ती रात्री चालत जाऊन वेव्हमेकरमध्ये अडकते आणि सकाळी पूर्ण टँक दुधाळ.

फायरफिश उडी मारतो. वर जाळी लावा, काच नको, काचेने गरमी कोंडते आणि हवा खेळत नाही.

माल बहुतेक मुंबई किंवा बेंगळुरूहून रात्रीच्या बसने येतो, पिशवीत दहा-बारा तास. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पीएच खाली जातो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा विषारी नसलेल्या रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच झपाट्याने चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. त्यामुळे लांबून आलेल्या माशाला दोन तास थेंब थेंब पाणी देत बसणं म्हणजे त्याला विषात बसवणं. विकणाऱ्याला त्याच्या पाण्याचा खारटपणा आधीच विचारा, क्वारंटाइनच्या टबाचं (नवे मासे आधी वेगळे ठेवायचा टब, खाली सांगतो) पाणी तेवढंच करून ठेवा, बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवा, उघडा आणि मासा लगेच आत. पिशवीतलं पाणी टँकमध्ये नको, मोरीत.

क्वारंटाइन टाळू नका. चाळीस लिटरचा टब, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे तुकडे, महिनाभर. पांढरे ठिपके म्हणजे इच हा परजीवीचा रोग, आणि पिठूळ सोनेरी धूळ अंगावर बसल्यासारखी दिसली तर वेल्वेट, तो दोन दिवसांत सगळे घेऊन जातो. औषध तांब्याचं, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत, टेस्ट किटने मोजून. ते फक्त या टबातच, कारण तांब्याने कोरल, श्रिंप, गोगलगायी सगळं मरतं. टबाची जाळी आणि पाइपसुद्धा वेगळे. मेन टँकमध्ये इच शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ७६ दिवस टँक माशांविना ठेवतात, यावरून काय ते समजा.

क्रम: आधी ब्लेनी आणि गोबी, मग फायरफिश, क्लाउन सगळ्यात शेवटी, नाहीतर ते टँक आपल्या बापाचा समजतात. दोन खेपांत तीन-चार आठवडे जाऊ द्या.

कोरल लावताना

मासे स्थिरावल्यावर, नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मध्ये आलं की मश्रूम आधी. शून्य नायट्रेटच्या मागे लागू नका, मऊ कोरलला किंचित मळकं पाणी आवडतं. प्रत्येक तुकडा डिपमध्ये (कीड काढायच्या औषधी पाण्यात) बुडवून हलवा, खाली किडे पडतात ते बघून तुम्हालाच पटेल. मश्रूम वाळूजवळ सावलीला, झोआ मध्यावर, लेदर थोडं वर जिथे पाणी बऱ्यापैकी हलतं. ग्रीन स्टार पॉलिप मात्र वेगळ्या एकट्या दगडावर, बाकी दगडांना न टेकवता, नाहीतर वर्षभरात सगळं हिरवं गालिचा. चिकटवायला फेविक्विकच्या जातीचं घट्ट जेल, ते खाऱ्या पाण्याखालीही धरतं.

लेदर अधूनमधून मिटतं. पॉलिप आत, अंगावर मेणचट चकाकी, चार-आठ दिवस मेल्यासारखं. नवखे घाबरून ते इकडून तिकडे हलवत सुटतात. हलवू नका, ते कात टाकतंय. वेव्हमेकर जरा त्याच्याकडे वळवा, एक दिवस पातळ पापुद्रा निघून जातो आणि खालून ताजं कोरल उघडतं. लेदर पाण्यात रसायनंही सोडतं, म्हणून ॲक्टिव्हेटेड कार्बन कायम ठेवा आणि महिन्याला बदला.

झोआबद्दल एक गंभीर सूचना. झोआ आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, जगातल्या अतिजहाल विषांपैकी एक. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच, हाताला जखम असेल तर ते काम पुढे ढकला. झोआ असलेला दगड गरम पाण्यात उकळणं किंवा ब्रशने खसाखसा घासणं कधीही नाही, वाफेतून आणि तुषारातून घरातली सगळी माणसं हॉस्पिटलात जाऊ शकतात. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर.

खाणं आणि सुट्ट्या

फ्रोझन मायसिस (माशांसाठीची गोठवलेली बारीक कोळंबी) मिळत नसेल तर बाजारातली सुंगटं, तिसऱ्या आणि थोडी माणकी बारीक चिरून, आरओ पाण्यात धुऊन, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ओळखीच्या कोळणीकडूनच घ्या, २०१८ मध्ये फॉर्मेलिनवरून गोव्यात काय गदारोळ झाला ते आठवत असेलच, आणि बारीक माशाला त्याचा अंशही पुरतो. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच. दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदललं की अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएचमध्ये आपोआप राहते.

चवथीला गावी जाताना शेजाऱ्याला खाण्याचा डबा देऊन जाऊ नका, प्रेमाने पोतंभर टाकतो. धडधाकट मासे तीन-चार दिवस उपाशी आरामात राहतात. जास्त दिवस असतील तर एकेका दिवसाचं खाणं कागदाच्या पुड्यांत बांधून वर तारीख लिहा. शेजाऱ्याला फक्त दोन गोष्टी दाखवून ठेवा: टॉप-अपच्या कॅनमध्ये पाणी कुठपर्यंत असायला हवं, आणि करंट जाऊन आल्यावर चिलरचं बटण परत कुठे दाबायचं. काही चिलर लाइन आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, तुमचा होतो की नाही ते जायच्या आधी स्वतः मेन स्विच पाडून बघा.